बाभळीच्याही पुढं

१ जुलै १९४४

डायरीच्या पहिल्या पानावर आपलं नाव लिहायचं असतं. मेमसाब लिहायची. म्हणून लिहिते. हरणाबाई. राहणार धाराशिव, सरकारी कागदात उस्मानाबाद. माहेर अणदूर. शिक्षण दुसरी, ती पण पुरती न्हाई. धंदा गोल्फ.

धंदा आजपासून.

डायरी मेमसाबनंच जाताना दिली. चाळीस सालची, कोरी. वार जुळत न्हाईत. खोडून टाकते.

आज जकातीच्या खात्याच्या, म्हणजे करोडगिरीच्या मोठ्या साहेबांनी बंगल्यावर बोलावलं. त्यांची मुलगी गुलबानो. सतरा वर्षांची. दिसायला चांगली, पण मनगटं काडीसारखी. हैदराबादेत एका फौजी कॅप्टनशी ठरलंय. त्या घरातल्या बायका क्लबात जाऊन गोल्फ खेळतात. आपल्या पोरीला येत न्हाई म्हणून साहेबांची झोप उडालीय. मोहरमच्या आत निकाह. म्हणजे डिसेंबरात.

अख्ख्या जिल्ह्यात गोल्फ कुणाला येतो? रस्त्यांचा गोरा इंजिनेर होता, त्यानं माळावर सहा भोकं पाडली होती. तो लढाईपायी निघून गेला. त्याच्या मेमची बॅग सहा वर्षं कुणी खांद्यावर वागवली? मी. ती बॅग, पाच काठ्या आणि उरलेले चेंडू आज कुणाकडं? माझ्याकडं. झालं तर मग.

साहेब म्हणाले, पोरीला जमलं तर तिची पाठराखीण म्हणून तुम्हीच जा, तिकडंच राहा, शिकवत राहा. मी म्हणाले, जमलंच समजा.

शिकवण्यात अवघड काय आहे? चूक दिसली की सांगायची. मला चूक लांबून दिसते. माझ्या महानंदाला सगळं मीच शिकवलं. आता माकणीला सासरी सुखात आहे. इतकी सुखात की चार वर्षांत माहेरी यायला फुरसत न्हाई.

३ जुलै

पहिला धडा.

गुलबानो बीबीचा पडदा. म्हणून माळावर चारी बाजूंनी कनात लावली. बांबू धरायला चौघं, सगळे बाहेर तोंड करून. पुढच्या बाजूला म्हातारा चपराशी लालमहंमद. आत बीबी, तिची लहानपणापासूनची दाई नसीमबी, आणि मी. वर आभाळ, बाकी सगळं कापड.

बीबीनं काठी मुसळासारखी धरली. मी म्हणाले, मुसळ न्हाई ते. मग तिनं झाडूसारखी धरली. मी म्हणाले, आयुष्यात कधी झाडू तरी धरलाय का? नसीमबीनं डोळे वटारले.

चेंडू तिसऱ्या खेपेला हालला. कनातीमागच्या लालमहंमदच्या पोटरीला लागला. तो हळूच म्हणाला, हरणाबाई, जर्मनशी लढायला गेलो असतो तर एवढं लागलं नसतं.

उद्यापासून पुढची कनात खालून वीतभर उचलून धरायची असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं. चेंडूला वाट, पोटरीला आराम.

५ जुलै

काखेत वांगं. कोपर अंगाशी राहावं म्हणून मेमसाब काखेत रुमाल धरायची. रुमाल पडला तर आवाज येत न्हाई. वांगं पडलं की येतो. ही माझी सुधारणा.

वांगं अकरा वेळा पडलं. मी बाराव्यांदा जरा मोठ्यानं बोलले. फार न्हाई. कनातीबाहेरची शेळी पळाली एवढंच.

बीबी म्हणाली, बाई, तुम्ही एकदा मारून दाखवा ना. मी म्हणाले, तालमीतला वस्ताद कधी कुस्ती खेळतो का? तो बाजूला उभा राहून सांगतो. आणि माझा खांदा दुखतो. सहा वर्षं बॅग वागवलीय.

८ जुलै

मी काय म्हणाले होते? एवढंच की, डोळे चेंडूवर ठेवायचे असतात, मैत्तराच्या वाटेवर न्हाई. मेमसाबचं पहिलं वाक्य हेड डाऊन. मान वर केली की संपलं. ही पोरगी काठी हालायच्या आधीच मान वर करते. नसलेला चेंडू आभाळात शोधते.

रडली. काठी टाकली आणि नसीमबीच्या पदरात तोंड घातलं.

रडण्यासारखं काय आहे त्यात? महानंदा पण अशीच. भाकरी फाटली की मी बोलायची, बोलले की रडायची, रडली की पुढची भाकरी पण फाटायची.

१० जुलै

बीबीचा टांगा आला न्हाई. नसीमबी चालत आली. म्हणाली, बीबीला ताप आहे. कसला ताप विचारलं. म्हणाली, हरणाबाई नावाचा.

मग खाली बसून पान लावलं आणि म्हणाली, साहेबांच्या कानावर गेलं तर तुमचं हैदराबाद गेलं. पोरीला आई न्हाई. घरात कुणी तिला मोठ्यानं बोलत न्हाई. जरा गोडीनं घ्या.

मी म्हणाले, मी गोडच आहे. फक्त घाईत असते.

११ जुलै, पहाटे

ठरवलं. ओरडायचं न्हाई. जीभ दातात धरायची. दहा अंक मोजायचे, मग बोलायचं. तेही हसून. आरशात हसून बघितलं. जमेल.

१२ जुलै

सहापर्यंत मोजता आलं.

२५ जुलै, नागपंचमी

महानंदा येणार म्हणून काल रात्रीच पुरण वाटलं. सकाळी दिंड केले. लाह्या फोडल्या. हिरव्या बांगड्या आणून ठेवल्या. दुपारपर्यंत बसले. माकणीकडून आलेल्या दोन गाड्या बघितल्या. त्यात न्हवती.

पेरणीची कामं असतील. सासूला बरं नसेल. नदीला पाणी असेल. माणूस न्यायला पाठवायला हवा होता असं शेजारीण म्हणाली. लेकीला बोलावणं लागतं व्हय?

दिंड बंगल्यावर घेऊन गेले. बीबीनं चार खाल्ले, तोंडाला तूप लागलं ते तसंच. मग मागच्या लिंबाला नोकरांच्या पोरींनी बांधलेला झोका होता, त्यावर बसली. मी बघत होते. झोका मागं जातो. वर जरासा थांबतो. मग आपोआप पुढं येतो, कुणी ओढावा लागत न्हाई.

मी ओरडले, हेच! काठी अशीच आणायची! मेमसाब स्विंग स्विंग म्हणून बोंबलायची ते हेच!

या ओरडण्याला ती घाबरली न्हाई. म्हणाली, बाई, तुम्ही पण बसा. मला झोक्यावर बसून किती वर्षं झाली. बसले. नसीमबीनं झोका दिला. लई जोरात दिला.

दोघी असताना बीबीला चुकून तू म्हणाले. ती म्हणाली, तूच म्हणा.

२ ऑगस्ट

आजचं नीट लिहून ठेवते, कारण आज मला शिकवायची खरी रीत सापडली.

वांगं काखेत. मान खाली. काठी झोक्यासारखी मागं गेली, थांबली, आली. पुढं काय झालं ठाऊक न्हाई. चेंडू काठीच्या टोकाला घासला, कनातीखालून सरपटत बाहेर गेला आणि लालमहंमदच्या चपलेजवळ थांबला. मी बाहेर जाऊन बघितला. दोन हातांवर.

आतून बीबीनं विचारलं, बाई, कित्ता गया?

तिला दिसत न्हाई ना. कापड मधे. रोज विचारते आणि रोज मी काय ते सांगते.

तोंडात आलंच होतं. तेवढ्यात कनातीच्या फटीतून तिचं तोंड दिसलं. दोन्ही हात काठीवर, ओठ दाबून धरलेले. महानंदा भाकरी तव्यावर टाकली की माझ्याकडं असंच बघायची.

मी म्हणाले, बाभळीपर्यंत.

माळाच्या टोकाला एक बाभळ आहे. मेमसाबचा चेंडू तिथवर जायचा, ते पण वारं मागं असलं तर.

आत बीबी हसली. पोरगी मोठ्यानं हसते हे मला ठाऊकच न्हवतं. बांबू धरलेले चौघं पण वळून बघायला लागले. पुढचा चेंडू आपणहून लावला, मी सांगायच्या आधी.

लालमहंमद खालच्या आवाजात म्हणाला, हरणाबाई, चेंडू माझ्या पायाशी आणि बाभळ तिकडं. मी म्हणाले, तुझं काम बांबू धरायचं.

३ ऑगस्ट

अडचण आली. बाभळीपर्यंत म्हणाले आणि चेंडू लगेच हातात देऊन टाकला. बीबी म्हणाली, इतक्या लवकर आणला?

आता असं. चेंडू उचलायचा, कंबरेला खोचायचा, बाभळीपर्यंत चालत जायचं, तिथं जरा उभं राहायचं, परत यायचं. धापा लागल्या की खरं वाटतं. धापा खऱ्याच असतात.

ह्यात खोटं काय आहे? आज न्हाई तर उद्या तिथं पडणारच आहे. मी जरा आधी सांगते.

११ ऑगस्ट

गुडघे गेले. आज चौदा वेळा बाभळ.

पण पोरीची मान आता ताठ असते. बंगल्यात जेवताना बापाशी आपणहून बोलली म्हणे. साहेबांनी मला खुर्ची द्यायला सांगितली. मी बसले न्हाई, पण दिली.

लालमहंमद म्हणाला, बाभळीला पण आता तुमची ओळख पटली असेल.

१९ ऑगस्ट

उद्यापासून रोजे. महिनाभर धडे बंद. बीबी म्हणाली, बाई, मी विसरणार तर न्हाई? मी म्हणाले, झोका कुणी विसरतं का.

रिकाम्या दिवसांत माकणीला जाऊन येईन म्हणते. बसून बोललं की सगळं नीट होतं. बोलायची रीत आता मला सापडलीय.

१२ सप्टेंबर

माकणीला जाणं झालं न्हाई. पाऊस. मग ऊन. मग खांदा. शिवाय लेकीनं यावं, आईनं जाऊन बसणं बरं दिसत न्हाई.

१९ सप्टेंबर

काल ईद झाली. बंगल्यावरून शीरखुर्मा आला. बीबीनं स्वतः वाटी भरून दिली आणि माझ्या हाताला मेंदी लावायला बसली. म्हणाली, हैदराबादेत आपल्या दोघींना एक खोली मागून घेते. बाई, तुम्ही तिथं पण बाभळ शोधून ठेवा.

माझ्या हाताला याआधी मेंदी कुणी लावली होती, आठवत न्हाई. महानंदाच्या लग्नात लावायची होती. पण त्या दिवशी ती कोपऱ्यात बसून रडत होती आणि मी तिला रडू नको म्हणून ओरडत होते. राहून गेलं.

७ ऑक्टोबर

भोकाभोवतीचं ब्राउन नीट केलं. गोऱ्यांच्या मुलखात तिथं गवत असतं म्हणे. इथं वाळू, त्यात तेल मुरवायचं, वरून गोणपाट ओढायचं. लढाईमुळं तेल मिळत न्हाई. कोंडीराम तेल्याकडून करडईच्या तेलाचा गाळ आणला. तो बाजार करत लोहारा, माकणी सगळीकडं फिरतो. म्हणाला, महानंदा दिसली, बरी आहे, मुलगी चालायला लागली.

कुठली मुलगी?

मग म्हणाला, तुम्हाला ठाऊक न्हाई व्हय. आणि तेलाचं भांडं पुसत बसला.

मला ठाऊक होतं. मधे विसरले होते.

१८ ऑक्टोबर, दिवाळी

एक बाळंतविडा करून ठेवला. चालायला लागलेल्या पोरीला बाळंतविडा चालत न्हाई असं शेजारीण म्हणाली. मग कुंची उसवून झबलं मोठं केलं.

माकणीच्या गाड्या आल्या आणि गेल्या.

बीबीला शिकवायला मात्र सणाला पण गेले. आज बाभळीच्याही पुढं, असं सांगितलं. रोज बाभळ बाभळ सांगून तिला कंटाळा येईल. शिकणाऱ्याचा उत्साह टिकवावा लागतो. त्यासाठी मलाच पुढं पार ओढ्यापर्यंत जावं लागलं. काटा मोडला.

९ नोव्हेंबर

लालमहंमद आज चिडला. म्हणाला, हरणाबाई, पोरीला एकदा खरं सांगा. अजून दिवस आहेत. शिकेल तरी.

मी म्हणाले, तुला गोल्फमधलं काय कळतं? तो म्हणाला, गोल्फमधलं न्हाई कळत. पण रोज चेंडू माझ्याच चपलेला लागतो एवढं कळतं.

बांबूवाल्याची अक्कल. पोरीच्या तोंडावर तेज आलंय ते त्याला कनातीबाहेरून कसं दिसणार? मी आत असते. मला दिसतं.

एकदा सांगणार आहे मी. जरा चांगला टोला बसला की त्याच दिवशी. म्हणजे लागणार न्हाई.

२१ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

अणदूरला खंडोबाच्या जत्रेला गेले. भंडारा, गर्दी, ढोल. बांगड्यांच्या दुकानापुढं महानंदा दिसली. कडेवर मुलगी. नाक माझ्या आईचं.

मी हाक मारली. ढोल वाजत होते. पुन्हा मारली, माझ्या नेहमीच्या आवाजात. तिनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गर्दीत वळली.

ढोल होते. ऐकू गेलं नसणार. भंडाऱ्यानं माझं तोंड पिवळं झालं होतं, ओळखलं पण नसणार.

झबलं पिशवीतच राहिलं.

२८ नोव्हेंबर

बकरी ईद झाली. हैदराबादेहून होणाऱ्या नवऱ्याची फुफ्फी, म्हणजे आत्या, येणार. शरिफाबी नाव. क्लबात खेळणाऱ्या बायकांत तिचा मान मोठा. सून कशी खेळते ते बघून, मग मुलीला बरोबर घेऊनच जाणार. निकाह तिकडंच.

बीबीला विचारलं, भीती वाटते का. ती म्हणाली, भीती कशाची, बाभळीपर्यंत तर रोजच जातो.

मला जरा पाणी प्यावंसं वाटलं.

रात्री ट्रंक भरली. दोन लुगडी, मेमसाबची डायरी, झबलं. हैदराबादेत खोलीला खिडकी असेल का?

३ डिसेंबर

आजचं लिहायचं न्हाई.

३ डिसेंबर, संध्याकाळ

लिहिते.

शरिफाबी मोटारीतून उतरली. उंच, पांढरी साडी, डोळ्यांवर काळा चष्मा. कनात बघितली आणि म्हणाली, हे काय? मला मुलगी बघायची आहे, तंबू न्हाई. काढा. पुरुषांना टेकडीमागं पाठवा.

मी म्हणाले, बीबीला कनातीची सवय आहे, उजेडात डोळे दिपतात. ती म्हणाली, हैदराबादेत पण ऊनच असतं.

लालमहंमदनं कनात गुंडाळली. जाताना माझ्याकडं बघून काही बोलला न्हाई. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

माळ एकदम मोठा दिसायला लागला.

बीबीनं चेंडू लावला. वांगं नको म्हणाली, फुफ्फीसमोर लाज वाटते. काठी झोक्यासारखी मागं नेली. किती सुरेख नेली. मेमसाबची पण अशी जात न्हवती. मला वाटलं, बसला. आज बसला.

चेंडू सरपटत गेला आणि दोन हातांवर थांबला.

सगळ्यांसमोर. भर उन्हात. पांढरा चेंडू, काळी माती. नसीमबीला दिसला, शरिफाबीला दिसला, मोटारीत बसलेल्या बायकांना दिसला. बीबीला पण दिसला. तिच्या पुढ्यातच होता.

तिनं त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, बाई, कित्ता गया?

रोजच्यासारखं. चेष्टा न्हवती. रुसून पण न्हवतं. तिच्या डोळ्यांपेक्षा तिला माझ्या सांगण्याचा भरवसा होता.

मी आयुष्यभर बोलत आले. त्या वक्ताला फक्त माझे पाय निघाले. चेंडूच्या बाजूनं, चेंडू तिथंच ठेवून, सरळ बाभळीकडं. मागं कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या. मी चालत होते. बाभळीपर्यंत पोचले. तिथं नेहमीसारखी उभी राहिले. हातात चेंडू न्हवता. परत कशी येणार?

बऱ्याच वेळानं वळून बघितलं. मोटार गेली होती. नसीमबी काठ्या गोळा करत होती.

४ डिसेंबर

चूक कुठं झाली ते शोधून काढलं. वांगं. वांगं काढायला नको होतं.

शिवाय ऊन. शिवाय त्या बाईच्या अत्तराचा वास. नवीन माणसासमोर कुणाचाही हात बसत न्हाई. एका टोल्यावर काय ठरतं?

लग्न मोडलं न्हाई. नसीमबीकडून कळलं. शरिफाबी म्हणाली, मुलगी गोड आहे, मान खाली ठेवते, बाकीचं क्लबातली मिस शिकवेल, तिला रीतसर येतं.

रीतसर म्हणजे काय? मिस बॅग उचलते का?

६ डिसेंबर

बंगल्यावरून बोलावणं न्हाई. लग्नघर, धांदल असणार. ट्रंकेला दोरी बांधून ठेवली. ऐन वेळी घाई नको.

८ डिसेंबर

पहाटेपासून फाटकाबाहेर उभी होते, ट्रंक घेऊन. मोटार साडेसातला निघाली. पुढं शरिफाबी. मागं पडदे लावलेले. पडदा जरा हालला असं मला वाटलं. वारं पण होतं.

धूळ बसेपर्यंत थांबले. दुसरी मोटार सामानासाठी येणार असेल असं वाटलं. लालमहंमद आला, ट्रंक डोक्यावर घेतली आणि माझ्या घरी आणून ठेवली. त्याचं वय सत्तर. मी नको म्हणाले न्हाई.

९ डिसेंबर

नसीमबी आली. तिला पण नेलं न्हाई. दोघी उंबऱ्यावर बसलो.

मी विचारलं, भेटली का न्हाई मला? एकदा पण न्हाई? नसीमबी सांगू का नको करत होती. मी म्हणाले, सांग, मला गोड बोललेलं आवडत न्हाई.

मग म्हणाली, बीबी रात्रभर जागी होती. म्हणाली, अब्बा म्हणतात कॅप्टनचा स्वभाव चांगला आहे. फुफ्फी म्हणते माझा रंग उजळ आहे. तू म्हणतेस तिकडं मी सुखात राहीन. सगळे मला बरं वाटेल तेच सांगतात. एक बाई होती तोंडावर बोलणारी. पहिल्या दिवशी झाडू म्हणाली तेव्हा मला राग आला, पण वाटलं, ही खरं सांगेल. मग ती पण गोड झाली. आता ते कॅप्टन चांगले आहेत का, हे मी कुणाला विचारू?

आणि म्हणाली, बाईंना सांग, ओरडायला हवं होतं.

नसीमबी गेली. पान तसंच ठेवून गेली.

११ डिसेंबर

म्हणजे ओरडले तर एक येत न्हाई, आणि न्हाई ओरडले तर दुसरी न भेटता जाते. पोरींनी एकदा बसून आपसात ठरवावं आणि मला सांगावं. मी तसं वागायला तयार आहे.

हातावरची मेंदी केव्हाच गेली. एका नखाला जरा आहे.

२० डिसेंबर

साहेबांनी बॅग परत पाठवली. माझीच होती. एक चेंडू जास्तीचा निघाला. लालमहंमद म्हणाला, त्यानं एक उचलून ठेवला होता, आठवण म्हणून, पण आता कशाची.

३० डिसेंबर

कोंडीराम माकणीहून आला. त्याच्याबरोबर झबलं पाठवलं होतं. निरोप काही दिला न्हवता. मी कशाला निरोप देऊ?

म्हणाला, झबलं पोरीला आखूड झालं, पण महानंदानं घालून बघितलं. मग त्याला चहा दिला आणि म्हणाली, आईला म्हणावं संक्रांतीला ये. चार दिवस राहा. नातीला घेऊन बस. फक्त काही शिकवू नको.

मी म्हणाले, हे असं म्हणाली? तोंडावर? कोंडीराम म्हणाला, तुमचीच लेक.

३१ डिसेंबर, सकाळ

अशा निरोपावर कोण जातं? मी काय शिकवते? न शिकवता चार दिवस बसून करायचं काय?

ट्रंक सोडलेली न्हाई. ती सोडायची का तशीच न्यायची, बघू.

३१ डिसेंबर, दुपार

माळावर जाऊन आले. एकटी. बॅग खांद्यावर. कनात न्हाई, माणूस न्हाई, एक शेळी.

एक गोष्ट इथं लिहायला हरकत न्हाई. मी कधी चेंडू मारलेला न्हाई. मेमसाबनं हातात काठी दिली ती पुसायला. पण बघून बघून सगळं येतं मला. आज म्हटलं, एकदा होऊनच जाऊ दे. मिसला काय येतं आणि मला काय येतं.

चेंडू लावला. लुगड्याचा काचा मारला. काखेत वांगं धरलं. हेड डाऊन, हे स्वतःलाच ओरडून सांगितलं, शेळी पळाली. काठी मागं नेली, झोक्यासारखी. वर थांबवली. सोडली. लई जोर लावला. खांद्यात कळ आली.

मान वर करून बघितलं. बाभळीकडं. दिसेना. ऊन डोळ्यांवर होतं, हात कपाळाला लावला. बाभळीच्याही पुढं गेला असणार, ओढ्याकडं. तिकडं बघत राहिले. लई वेळ. गुलबानो असती तर तिला दाखवलं असतं, महानंदाला पण.

मग पडलेलं वांगं उचलायला खाली वाकले.

चेंडू तिथंच होता.